मिक्सर बिघडल्याचे दुःख नाही...

भिवंडीला यंत्राच्या बिघाडाचे अप्रूप नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या कापडाचा मोठा भार या गावाच्या यंत्रमागांनी उचलला. त्यांतील कित्येक माग गिरण्यांनी जुने म्हणून काढून टाकलेले होते. धोटा झिजला, पट्टा तुटला, चाकाचे दाते गेले, की जॉबरला हाक मारायची, सुटा भाग आणायचा किंवा लेथवर घडवून घ्यायचा आणि माग पुन्हा सुरू करायचा, हा येथला शिरस्ता. अलीकडच्या मंदीत असंख्य माग भंगारात गेले, ते धंदा परवडेना म्हणून. दुरुस्त करणारे हात नव्हते म्हणून नव्हे.

अशा गावात घरातील मिक्सर किंवा इंडक्शन शेगडी दुरुस्त होणे किती सोपे असावे! प्रत्यक्षात गृहिणीच्या वाट्याला येतो तो तक्रार क्रमांक, मग प्रतीक्षा आणि शेवटी तंत्रज्ञाचा ठरलेला निर्णय : ‘पार्ट येत नाही, त्यापेक्षा नवाच घ्या.’ नवा तर हाकेच्या अंतरावर असतो. काल्हेर, राहनाळ, माणकोली परिसरातील गोदामांच्या रांगांतून मुंबई-ठाण्याच्या घरोघरी माल रवाना होतो. ज्या तालुक्यातून अख्खा मिक्सर दुसऱ्या दिवशी दारात पोहोचतो, तेथेच त्याचा बोटाएवढा सुटा भाग मिळू नये, ही विसंगती विचार करायला लावणारी आहे.

मोडण्यासाठीच असलेला भाग

वस्तू बिघडते, याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. मिक्सरमध्ये मोटार आणि भांडे यांना जोडणारा कपलर असतो. पाते अडकले तर मोटार जळू नये म्हणून तो आधी झिजावा किंवा तुटावा, अशीच त्याची योजना असते. कार्बन ब्रशही झिजण्यासाठीच असतात. भार वाढला की तळाचे लाल बटण उडते आणि मोटार वाचते. ही सगळी समंजस रचना आहे. मात्र तिला अर्थ येतो तो कपलर आणि ब्रश कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाले तरच. स्वस्त भाग मिळत नाही म्हणून महागडी मोटार टाकून द्यावी लागणार असेल, तर त्या शहाणपणाचे मातेरे झाले म्हणायचे.

हमीपत्राची कथाही अशीच. मोटारीच्या पाच वर्षांच्या हमीचा आकडा खोक्यावर ठळक छापला जातो. भांडी, पाती, कपलर मात्र बहुधा त्यातून वगळलेले असतात. फ्रिजच्या कॉम्प्रेसरला दहा वर्षांची हमी आणि त्याला चालवणाऱ्या सर्किट बोर्डाला बहुधा एकाच वर्षाची! बोर्डाचा आराखडा बाहेरच्या कारागिराला मिळत नाही आणि चिकटवून बंद केलेले आवरण फोडल्याशिवाय उघडत नाही. ज्या गल्लीतील मिस्त्री आयुष्यभर मोटारी बांधत आला, त्याला येथे हात टेकावे लागतात. नवी उपकरणे वीज कमी खातात आणि अधिक सुरक्षित आहेत, हे मान्य करायलाच हवे. परंतु वीज वाचवणारी वस्तू दुरुस्त होऊ नये, असा काही निसर्गनियम नाही.

‘सुमीत’चा धडा

भारतीय मिक्सरचा जन्मच मुळी दुरुस्तीच्या अडचणीतून झाला, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नाही. मुंबईत सिमेन्समध्ये अभियंता असलेले सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी जर्मन बनावटीचा मिक्सर होता. आपल्याकडचे वाटण त्याला पेलवले नाही आणि येथे दुरुस्तीची सोय नव्हती. माथुरांनी या वाटणाला पुरेशी पडेल अशी दणकट मोटार घेऊन स्वतःच यंत्र घडवले आणि १९६३ मध्ये ‘सुमीत’ बाजारात आला. पुढे तो मागे पडला, तरी स्वदेशीचा खरा अर्थ त्याने दाखवून दिला. खोक्यावर देशाचे नाव छापून स्वदेशी पुरी होत नाही. वस्तू येथल्या गरजेला टिकावी आणि येथल्या हातांनी उघडून दुरुस्त करता यावी लागते.

जग आता याच वाटेने निघाले आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून काही उपकरणांवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापणे बंधनकारक केले. युरोपीय महासंघाने २०२४ मध्ये धुलाई यंत्रे, फ्रिज यांसारख्या वस्तूंची दुरुस्ती हमी संपल्यावरही वाजवी दरात करून देण्याचे बंधन उत्पादकांवर घालणारा निर्देश काढला. भारत सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या अधिकारा’साठी समिती नेमली, त्याच वर्षी संकेतस्थळही सुरू केले, २०२५ मध्ये मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्ती निर्देशांकाचा अहवाल सादर झाला. या यादीत स्वयंपाकघराला मानाचे स्थान मिळायला हवे. फ्रिज किती वीज खातो हे तारे सांगतात. तो किती वर्षे दुरुस्त होऊ शकेल, हेही दारावर छापले जावे.

हे आपोआप होणार नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा ग्राहक संरक्षण कायदा बारा वर्षे दूर होता. आधी ग्राहक संघटित झाला, मग कायदा आला. दसरा-दिवाळीच्या खरेदीत प्रत्येक कुटुंबाने दुकानदाराला तीनच प्रश्न विचारावेत : सुटे भाग किती वर्षे मिळतील? हमीतून काय वगळले आहे? गावात दुरुस्ती कोण करतो? उत्तरे पावतीवर लिहून मागावीत, दिलेला शब्द मोडला गेल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

म्हातारी मेल्याचे दुःख नसते, काळ सोकावतो. मिक्सरचेही तसेच आहे. ‘नवाच घ्या’ हे उत्तर घरोघरी मुकाट्याने स्वीकारले गेले, तर उद्या दुरुस्तीचे भाग बनवणारे राहणार नाहीत आणि ते बसवणारेही. तीन प्रश्नांची धड उत्तरे न देणाऱ्या दुकानात पाकीट बंदच ठेवावे. ती भाषा कारखानदाराला लगेच समजते.