शेतकऱ्याच्या हाती बंदूक कोणती?

विजयादशमीला आपल्याकडे घरोघर शस्त्रपूजन होते. पाटावर कोयता, विळा, सुरी मांडली जाते. शहरात हल्ली पान्या-पकडीला आणि संगणकालाही हळदकुंकू वाहिले जाते. प्रथा टिकली याचे समाधान आहेच. परंतु पूजेचे शस्त्र आणि वापरातले शस्त्र यांत इतके अंतर पडले आहे की, बंदूक म्हटली की सुशिक्षित मध्यमवर्गीयाच्या डोळ्यांपुढे एकतर चित्रपटातला गुंड उभा राहतो, नाहीतर वरातीत हवेत बार काढणारा उन्मत्त पुढारी. ज्याला बंदुकीची खरोखर गरज आहे, तो शेतकरी या चित्रात कुठेच नसतो.

शौकाची शिकार या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली. ती बंद आहे हे योग्यच आहे आणि ती बंदच राहिली पाहिजे. प्रश्न शौकाचा नाही, शेताचा आहे. रानडुकरांचा कळप एकदा शेतात शिरला की तो खातो त्याहून कितीतरी अधिक नासवतो. विदर्भात मका, हरभरा, भुईमूग, तूर आणि कोकणात पोटरीला आलेले भात, सुरण, रताळी, नुकती लावलेली माडाची रोपे! चार महिन्यांचा घाम एका रात्रीत मातीमोल होतो. पंचनामा आणि नुकसानभरपाई यांची वाट किती लांबची असते, हे ज्याने ती चालून पाहिली त्यालाच ठाऊक.

कायद्याने यावर दार अगदीच बंद केलेले नाही. उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या रानडुकरासारख्या प्राण्याला मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार याच कायद्याच्या ११ व्या कलमाने मुख्य वन्यजीव रक्षकाला आणि त्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याला दिला आहे. केंद्र सरकारने २०१५-१६ मध्ये बिहारातील नीलगाय व रानडुक्कर, उत्तराखंडातील रानडुक्कर आणि हिमाचलातील माकड यांना ठराविक भागांपुरते आणि ठराविक मुदतीपुरते उपद्रवी घोषित केले होते. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबतचा अधिकार थेट ग्रामपंचायतीच्या प्रमुखापर्यंत नेला. महाराष्ट्रातही अशा परवानग्या दिल्या जातात. पण परवानगीचा कागद ज्या शेतकऱ्याच्या एका हातात पडतो, त्याच्या दुसऱ्या हातात काय असते? याचे उत्तर कुणी शोधताना दिसत नाही.

हे उत्तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमात सापडते. त्याच्या १३ व्या कलमात पीकसंरक्षणासाठी म्हणून जे शस्त्र मुळात कल्पिले आहे, ते ठासणीची बंदूक! नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर छर्रे किंवा गोळी घालायची, गजाने ठासायची, टोपी चढवायची आणि मग नेम धरायचा. बार चुकला की हाच सारा खटाटोप अंधारात, ओल्या हातांनी पुन्हा करायचा. तेवढ्यात कळप दुसऱ्याच्या शेतात पोहोचलेला असतो. किंवा जखमी झालेला एकुलगा डुक्कर बार काढणाऱ्याच्याच अंगावर आलेला असतो. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर त्याने दुसरी, पण गुळगुळीत नळीचीच बंदूक मंजूर करावी, एवढी सवलत या कलमात आहे. आटे पाडलेल्या नळीची रायफल या तरतुदीत बसतच नाही. तिच्यासाठी सबळ कारण दाखवून वेगळा झगडा मांडावा लागतो. अणुस्फोट करणाऱ्या आणि चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशातील शेतकऱ्याला कायदा पेशवाईच्या काळातले शस्त्र हाती घ्यायला सांगतो. याला काय म्हणावे?

या मानसिकतेचे मूळ परकीय सत्तेत आहे. १८५७ च्या समराने हादरलेल्या इंग्रजांनी १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, शस्त्र कायदा आणला. ज्या वर्षी देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली, त्याच वर्षी हिंदी माणसाच्या हातातले शस्त्रही गेले. गोऱ्यांना मात्र या कायद्यातून सूट होती. काँग्रेसने १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केला होता. स्वा. सावरकरांच्या सैनिकीकरणाच्या आग्रहाला नाके मुरडणाऱ्यांनी आपल्याच पक्षाचा हा ठराव एकदा वाचावा. स्वातंत्र्य मिळाल्यावर तो ठराव दप्तरात गेला आणि संशयाची वसाहतवादी दृष्टी तेवढी कायम राहिली.

या संशयाची सर्वांत बोलकी खूण म्हणजे आपल्याकडची सर्वपरिचित .३१५ बोअरची रायफल. हे माप कुठून आले? लष्कराची काडतुसे चोरून ती बंडखोरांनी वापरू नयेत, म्हणून इंग्रजांनी .३०३ हे लष्करी माप खासगी वापरासाठी बंद केले. मग बंदूक बनवणाऱ्यांनी ऑस्ट्रियाच्या लष्कराचे १८९० च्या सुमाराचे ८ मिलिमीटर मॅनलिखर काडतूस घेतले आणि ली-एन्फिल्डच्या धाटणीच्या रायफलीत ते बसवले. ऑस्ट्रियाचे ते साम्राज्य लयाला गेले, इंग्रजांचेही गेले. ते काडतूस मात्र आजही आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या नावानिशी विकले जाते आणि रायफल पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्याची म्हणून ओळखली जाते.

एवढे असूनही, इतिहासाचा राग शस्त्रावर काढण्याचे कारण नाही. .३१५ ही रायफल साधी, दणकट आणि स्वदेशी आहे. हाताने खटका ओढून गोळी भरायची, पोटात पाच काडतुसे. बिघडण्यासारखे फारसे काही नाही आणि बिघडलेच तर जिल्ह्याच्या गावच्या बंदूकदुरुस्तीवाल्याला ते समजते. गोळी जड, मऊ टोकाची आणि वेगाने बेताची. शंभर-सव्वाशे मीटरच्या आत पूर्ण वाढलेल्या डुकराच्या खांद्यामागे बसली तर दुसरीची गरज पडत नाही. इथेच रायफलीचा नैतिक मुद्दाही आहे. मारायचेच झाले तर ते एका गोळीत, वेदना न वाढवता. छर्ऱ्यांनी चाळण झालेले, जबडा तुटलेले जनावर तीन दिवस रानात तडफडत मरते, त्यात पीकही वाचत नाही आणि दयाही उरत नाही. .२२ ची रायफल स्वस्त व हलकी असते म्हणून ती सुचवणारेही भेटतात. डुकरासाठी ती वापरणे म्हणजे शुद्ध क्रौर्य होय. उलट टोकाला .३०-०६ सारखी अमेरिकी मापाची रायफल. ती इशापूरनेही बाजारात आणली. तिची ताकद निर्विवाद आहे. पण रात्री मचाणावरून पन्नास मीटरवर नेम धरणाऱ्या शेतकऱ्याला त्या ताकदीचा काही उपयोग नाही, आणि तिची काडतुसे तालुक्याच्या दुकानात मागितली तर दुकानदार चेहरा पाहत राहील. शस्त्र निवडताना पहिला प्रश्न त्याच्या काडतुसाचा असतो, हे शौकीन नेहमी विसरतात. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना जी .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली, ती काही हत्ती लोळवणारी तोफ नव्हती. मध्यम मापाची, हलकी, हातात बसलेली अशी ती रायफल होती. तिनेच त्यांनी पुढे अनेक नरभक्षक टिपले.

मग सर्वांच्या हाती .३१५ द्यावी काय? नाही. इथे भूमी पाहावी लागते. रायफलीची गोळी नेम चुकला तर दीड-दोन किलोमीटरपर्यंत प्राण घेऊ शकते. कोकणात वाडीला वाडी लागून, बागेतच घर, घरामागे पायवाट. तिथे सपाटीवरून रायफल झाडणे म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात मृत्यू धाडणे. तिथल्यासाठी बारा बोअरची दुनळी हीच खरी बहुगुणी बंदूक. तिच्या एका नळीत मोठ्या छर्ऱ्यांचे काडतूस, दुसरीत एकसंध गोळी; तीस-चाळीस मीटरच्या आत काम चोख आणि त्यापलीकडे धोका झपाट्याने कमी. विदर्भात, मराठवाड्यात मैलभर उघडे शिवार असते, डुक्कर दुनळीच्या टप्प्यात येतच नाही. तिथे रायफल हवी, पण मचाणावरूनच, म्हणजे नेम खाली आणि गोळी मातीत. कायद्याने मात्र सावंतवाडी आणि यवतमाळ यांना एकाच मापाने तोलले आहे.

किमतीचा प्रश्न यापुढचा. इशापूरची नवी रायफल अल्पभूधारक शेतकऱ्याच्या आवाक्यात नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण प्रत्येक शेतकऱ्याने ती घ्यावी अशी गरजही नाही. गावात दोन-तीन प्रशिक्षित, चारित्र्याने तपासलेले परवानाधारक असावेत, त्यांची नावे वन खात्याकडे नोंदलेली असावीत, मारलेल्या प्रत्येक जनावराचा आणि उडवलेल्या प्रत्येक काडतुसाचा हिशेब ग्रामसभेपुढे यावा. केरळने परवानाधारक नेमबाजांच्या अशा याद्या केल्या आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे सात सरकारी कंपन्यांत रूपांतर झाले. निर्यातीची स्वप्ने पाहणाऱ्या या कंपन्यांनी एक साधी, एकनळी, कमी खर्चाची पीकसंरक्षक रायफल देशातील शेतकऱ्यासाठी बनवायला काय हरकत आहे? स्वदेशीचा अर्थ परकीय मालावर बहिष्कार एवढाच नव्हे.

आणि प्रशिक्षण. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षण आवश्यक केले, हे उत्तम झाले. ते केवळ प्रमाणपत्राच्या शिक्क्यापुरते राहू नये. ज्या महाराष्ट्रात डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला सैनिकी शाळा उभारली, त्या महाराष्ट्रात नेमबाजीची परंपरा नाही असे कोण म्हणेल? राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधून रायफल नेमबाजीचे कांस्यपदक घेऊन आला. राधानगरी म्हणजे गव्यांचे अभयारण्य, आणि आसपासच्या शेतकऱ्याला वन्य प्राण्यांचा जाच नवा नाही.

यावर शहरी प्राणिमित्रांचा आक्षेप ठरलेला असतो की बंदुका वाढल्या तर वन्यजीव संपतील. आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. परवान्याच्या आडून चितळ-भेकरांवर हात मारणारे महाभाग आहेत, त्यांना कठोर शासन झालेच पाहिजे. पण बंदूक न मिळालेला शेतकरी हातावर हात ठेवून बसतो, असा या मंडळींचा समज दिसतो. तो कुंपणाच्या तारेत वीज सोडतो. त्या तारेला डुक्कर कोणते, वाघ कोणता आणि पहाटे पाण्याला निघालेला माणूस कोणता, हे कळत नाही. विदर्भात अशा तारांनी वाघही मारले आहेत आणि माणसेही. दुसरीकडे, कणकेत गुंडाळलेले गावठी बाँब पेरले जातात. ते गाईच्याही जबड्यात फुटतात. ज्यांना गाय आणि वाघ दोन्ही वाचावे असे वाटते, त्यांनी नेम धरून झाडलेल्या एका गोळीचा विचार शांतपणे करावा.

आपल्या परंपरेने हा विवेक फार पूर्वी केला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अभयवनातील पशूंना मारणाऱ्यास दंड सांगितला आहे आणि त्याच अध्यायात, उपद्रवी झालेल्या पशूंना संरक्षित स्थानाबाहेर मारावे किंवा बांधावे, असेही सांगितले आहे. करुणा आणि राज्यकर्तव्य यांत तिथे भांडण नाही. रामायणाने तर नेमबाजाचा पहिला नियमच दशरथाच्या कथेतून दिला आहे. दृष्टीला न पडलेल्या, केवळ आवाजाच्या रोखाने सोडलेल्या बाणाने श्रावणाचा प्राण घेतला. २०२५ च्या आरंभी पालघर जिल्ह्यात रानडुकराच्या मागे गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाने सोबत्यालाच डुक्कर समजून गोळी घातली. विजेरीच्या झोतात जनावर स्पष्ट दिसल्याशिवाय चापावर बोट नाही, हे परवान्याच्या पहिल्या पानावर छापले पाहिजे.

विश्वास ठेवला तर समाज तो कसा निभावतो, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. कर्नाटकातील कोडव समाजाला इंग्रजी अमदानीपासून शस्त्र परवान्यातून सूट आहे. भाताची लावणी आटोपली की हे लोक कैलपोळदच्या सणाला बंदुकीची पूजा करतात. केंद्राने ही सूट २०२९ पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरवली. इकडे मात्र निवडणुकीची आचारसंहिता लागली की शेतकऱ्याला बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. सरसकट जमा न करता प्रत्येक परवान्याची छाननी करावी, अशी व्यवस्था कागदोपत्री आहे. परंतु नोटिसांचा गठ्ठा काढणे छाननीपेक्षा सोपे असते. २०२४ ची विधानसभा निवडणूक नोव्हेंबरात झाली. त्याआधी आचारसंहिता लागली तेव्हा कोकणात भात कापणीला आले होते आणि डुकरांना आचारसंहिता लागू नव्हती.