मित्रकीटकांना शेताचा बांध ठाऊक नसतो

खरिपाच्या ऐन हंगामात छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण, गंगापूर किंवा सिल्लोडच्या बाजारपेठेत कृषी सेवा केंद्रांपुढे दिसणारे चित्र नवे नाही. अळीने खाल्लेले पान किंवा किडलेले बोंड घेऊन शेतकरी येतो आणि औषधाची बाटली घेऊन परततो. कीड पुन्हा उसळते, बाटली बदलते, खर्च वाढतो. या चक्राची सर्वांत क्रूर किंमत २०१७ साली यवतमाळ जिल्ह्याने मोजली. फवारणीच्या विषबाधेने तेथे वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर प्राणास मुकले. चौकशी झाली, चर्चा झाली. परंतु कीड आटोक्यात ठेवण्याचा दुसरा मार्ग आहे काय, हा मूळ प्रश्न मात्र मागे पडला.

तो मार्ग आहे, आणि त्याचा पुरावा मराठवाड्यातच आहे. नांदेड जिल्ह्यातील आष्टा या गावी १९९८ पासूनच्या हंगामांत राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन संशोधन केंद्राने कोरडवाहू कापसावर एक प्रयोग केला. डॉ. ओ. एम. बंबावाले आणि त्यांचे सहकारी त्यात अग्रभागी होते. एखादे प्रात्यक्षिकाचे शेत सजवून पाहुण्यांना दाखवण्याची ही रीत नव्हती. गाव हाच प्रयोगाचा घटक मानला गेला. शेतकऱ्याने किडीबरोबर मित्रकीटकही ओळखावेत, नुकसानीची पातळी ओलांडल्याखेरीज फवारणी करू नये आणि प्रथम निंबोळी अर्कासारखे सौम्य उपाय योजावेत, ही या पद्धतीची सूत्रे होत.

या सूत्रांमागे निसर्गाचा साधा हिशेब आहे. ट्रायकोग्रामा हा एक मिलिमीटरहूनही लहान परोपजीवी कीटक बोंडअळीच्या पतंगाने घातलेल्या अंड्यातच आपले अंडे घालतो. अळी जन्मालाच येत नाही. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून तिला अंड्यातच गाठणे शहाणपणाचे. ट्रायकोकार्डाच्या पट्ट्या पानांच्या खालच्या बाजूस टाचल्या की काम सुरू होते. मात्र शेजारच्या शेतात त्याच आठवड्यात जहाल विष फवारले गेले, तर हे इवले मित्र आधी मरतात. मित्रकीटकांना शेताचा बांध ठाऊक नसतो. विषाच्या तुषारांनाही नसतो. म्हणूनच एकट्यादुकट्याने केलेले जैविक नियंत्रण बहुधा फसते आणि गावाने मिळून केलेले टिकते.

डॉ. बंबावाले यांच्या नावाशी जोडलेली आणखी एक घटना बोधप्रद आहे. २००५ नंतरच्या काही हंगामांत गुजरात-पंजाबपासून महाराष्ट्रापर्यंत पिठ्या ढेकणाने कापूस उत्पादकांना हैराण केले. ही कीड मूळची अमेरिका खंडातील. अंगावरील मेणचट आवरणामुळे फवारणीस सहजी दाद न देणारी. २००८ मध्ये दिल्लीत एक सूक्ष्म परोपजीवी कीटक या ढेकणांना आतून पोखरत असल्याचे आढळले. मुद्दाम कोणी न आणताही तो आपल्या यजमान किडीमागोमाग येथे पोहोचला होता. पुढे अनेक राज्यांत त्याने या किडीचा जोर मोडण्यास मोठा हातभार लावला. अलीगढचे कीटकशास्त्रज्ञ महंमद हयात यांनी २००९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि केंद्राचे तत्कालीन संचालक डॉ. बंबावाले यांच्या गौरवार्थ त्यास ‘एनॅसियस बंबावालेई’ असे नाव दिले. कालांतराने हीच जात अमेरिकेत फार पूर्वी नोंदली गेल्याचे निष्पन्न झाले. नियमानुसार जुने नाव ग्राह्य ठरून नवे मागे पडले. नाव पुसले गेले, पण कार्य थांबले नाही. प्रसिद्धीविना आयुष्यभर राबणाऱ्या शास्त्रज्ञांच्या वाट्याला येणारे हेच समाधान असते.

अर्थात, जैविक नियंत्रण म्हणजे सर्व रोगांवरील रामबाण मात्रा नव्हे. कामगंध सापळे, वेळेवर निरीक्षण, फरदड न घेण्याची शिस्त आणि प्रसंगी योग्य कीटकनाशकाचा मोजका वापर यांची जोड त्याला लागतेच. खरी अडचण आहे ती पुरवठ्याची. बाटली दुकानाच्या फळीवर वर्षभर राहू शकते; ट्रायकोकार्डातील जीव काही दिवसांतच बाहेर पडतात. ते जवळच तयार व्हावे लागतात आणि वेळेवर शेतात पोहोचावे लागतात. ज्या मालाचा साठा करता येत नाही, त्यात व्यापाऱ्याला रस कसा वाटावा?

म्हणून ही जबाबदारी बाजारावर सोपवून चालणार नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे ज्ञान मराठवाड्याच्या दाराशी आहे. कृषी पदवीधर तरुण आहेत, महिला बचत गट आहेत, शेतकऱ्यांचे गट आहेत. तालुकागणिक मित्रकीटकांची छोटी संवर्धन केंद्रे उभी राहिली, तर शेतकऱ्याचा पैसा वाचेल आणि गावातल्या हातांना कामही मिळेल. शासनाने औषधांवरील खर्चाइतकेच लक्ष या केंद्रांकडे द्यावे. परंतु त्याआधी गावाने एकत्र बसून एक निर्णय घ्यावा लागेल: फवारणी कधी करायची आणि कधी थांबायचे, हे यापुढे सर्व मिळून ठरवू. शास्त्रज्ञ वाट दाखवू शकतो. त्या वाटेने चालायचे ते गावालाच.