रोखीच्या गिऱ्हाइकाला खाते कशाला?

दिवाळीत व्यापारी नव्या वहीची पूजा करतो, पहिल्या पानावर 'श्री' काढतो आणि मग एकेकाची खाती मांडतो. खाते कोणाचे मांडायचे, याचा त्याच्या मनात कधी गोंधळ होत नाही. ज्याच्याशी देणे-घेणे शिल्लक आहे त्याचे खाते. जो रोख पैसे मोजून गुळाची ढेप घेऊन गेला, त्याचा व्यवहार दुकानाच्या पायरीवर संपला. त्या गुळाचा त्याने चहा करावा की पुरण घालावे, हे पाहायला वाणी त्याच्या मागोमाग स्वयंपाकघरात येत नाही. समजा आलाच, आणि ढेपेवर हात ठेवून म्हणाला, "बाई, फोडण्यापूर्वी आपले नाव, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर सांगा, आमच्याकडे खाते नसेल तर आधी उघडा," तर आमच्या गावची कोणतीही गृहिणी त्याला हातातल्या लाटण्यानेच उत्तर देईल.

पण हाच वाणी आज प्रत्येक घरात येऊन बसला आहे आणि आपण त्याला बसायला पाट दिला आहे! पूर्ण किंमत मोजून संगणक घरी आणावा, पदरचे पैसे घालून लिहिण्याचे सॉफ्टवेअर घ्यावे, आणि आपणच लिहिलेला, आपल्याच यंत्रात ठेवलेला एक साधा कागद उघडायला जावे, तर पडद्यावर पाटी झळकते : 'साइन इन करा.' कागद पत्रिकेचा असो, किराणाच्या यादीचा असो, की मुलीच्या शाळेच्या निबंधाचा असो, पाटी तीच. या पाटीविरुद्ध मी आज लिहायला बसलो आहे, आणि सणाच्या दिवशी तोंड कडू करतो म्हणून वाचकांनी मला दोन शब्द ऐकवले तरी माझी हरकत नाही.

माझा राग सरसकट सगळ्या कुलपांवर नाही, हे आधी सांगितलेले बरे. बँकेने माझी ओळख विचारावी. तिच्यापाशी माझे पैसे आहेत. सरकारने विचारावी, दप्तर त्याचे आहे. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. त्यासाठी मोबाइलवर आलेला ओटीपी द्यावा लागतो, पंधरा रुपये भरावे लागतात. तलाठ्याच्या चावडीवर ज्यांनी चपला झिजवल्या आहेत त्यांना हा जाच वाटणार नाही. आणि त्यातली खरी खुबी पुढे आहे. एकदा तो उतारा माझ्या यंत्रात उतरला की तो माझा झाला. तो पीडीएफ नावाच्या स्वरूपात असतो. हे स्वरूप अडोबी कंपनीने १९९३ साली काढले आणि २००८ साली ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. म्हणजे ते वाचण्याचे साधन कोणालाही बनवता येते, आणि ज्याच्या हातात उतारा आहे त्याला तो कोणाच्याही साधनाने वाचता येतो. सरकारने माझी ओळख विचारली ती कागद देताना. कागद दिल्यावर तो माझ्या कपाटापाशी पहारा करीत बसत नाही.

पहारा बसला की काय होते, ते आमच्या घरात या वर्षी घडले.

आमचे लोणी काळभोर आता धड गाव राहिले नाही आणि धड शहरही झालेले नाही. सोलापूर रस्त्यावरून तेलाच्या टँकरांची रांग हलत असते, एका अंगाला विद्यापीठाच्या इमारती उठल्या आहेत, आणि आषाढीला तुकोबांची पालखी मुक्कामाला आली की तेच गाव पुन्हा तीनशे वर्षे मागे जाते. मुळा-मुठेच्या अंगाला अजून ऊस आहे, गहू आहे, आणि चुलतभावांच्या सामाईक विहिरी आहेत. आमचीही विहीर सामाईक, चार घरांची. पाण्याच्या पाळ्या कोणाच्या, मोटारीच्या बिलात कोणाचा वाटा किती, गाळ काढायला कोणी काय दिले, याचा सारा तक्ता आमचे थोरले बंधू संगणकावर ठेवीत. मोठे काटेकोर गृहस्थ. पंधरा वर्षांत एका पाळीचा घोटाळा त्यांनी होऊ दिला नाही. ते गेले, आणि महिन्याभरात त्यांचा जुना संगणकही निकामी झाला. दुरुस्तीवाल्याने त्यातला सगळा ऐवज नव्या संगणकात उतरवून दिला. 'विहीर पाळी' या नावाची फाइल डोळ्यांसमोर दिसत होती. ती उघडायला गेलो तर पाटी : साइन इन करा.

खाते बंधूंचे. खुणेचा आकडा जाणार बंधूंच्या मोबाइलवर, आणि तो नंबर तर बंद करून टाकलेला. कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलीने फार गोड आवाजात सांगितले, "सर, खातेदारांना स्वतः बोलायला सांगा." मी म्हटले, "बाई, ते शक्य असते तर मी त्यांना पाळ्याच विचारल्या नसत्या का?" ती बिचारी काय करणार! तिच्यापुढे ठेवलेल्या प्रश्नांच्या यादीत मरण हा पर्यायच नव्हता. नवे खाते उघडून पाहिले. नाव झाले, जन्मतारीख झाली, दुसरा ईमेल झाला, आणि शेवटी कळले की या नव्या खात्यावर वर्गणी भरलेली नाही.

इकडे गहू ओंबीत आलेला. वीज एक आठवडा रात्री, एक आठवडा दिवसा. मंगळवारची रात्र कोणाची, यावरून दोन चुलतभावांत बोलणे बंद झाले. एकाने दुसऱ्याच्या दांडाचे बारे फोडले. ज्या घरांनी एकत्र पंगती उठवल्या त्यांच्या बायका पाणवठ्यावर एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहू लागल्या. वहिनी एवढेच म्हणाल्या, "भावजी, यांनी वही घातली असती तर मी आत्ता ट्रंकेतून काढून तुमच्या पुढ्यात ठेवली असती."

शेवटी धाकटा पुतण्या सुट्टीला आला. त्याने लिब्रेऑफिस नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर उतरवून घेतले. २०१० सालापासून जगभरच्या लोकांनी मिळून चालवलेले हे साधन. ते ना नाव विचारते, ना जन्मतारीख. पाव तासात तक्ता उघडला. मंगळवारची रात्र कोणाची ते कळले. बोलणे अजून सुरू झालेले नाही, ते सॉफ्टवेअरच्या हातचे नाही.

पण त्या पाव तासाने मला एक गोष्ट स्वच्छ दाखवली. कागदाला कुलूप नव्हतेच! बंधूंनी घातले नव्हते, आम्ही घातले नव्हते. कुलूप आमच्या आणि कागदाच्या मध्ये तिसऱ्याच माणसाने आणून उभे केले होते, आणि त्याचा ना विहिरीशी संबंध, ना गव्हाशी.

आपल्या पुण्यात कागदांचे केवढे मोठे धन आहे, ते आठवा. पेशवे दप्तरात रुमालांमागून रुमाल बांधून ठेवलेले आहेत. रियासतकार सरदेसायांनी त्यांतून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ या काळात बाहेर आले. त्यांच्या आधी इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे त्यांनी उजेडात आणली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' एकामागून एक छापली. राजवाड्यांना अडवणारे भेटले नाहीत असे नाही. काही घराण्यांनी दप्तर दाखवायला साफ नकार दिला. पण नकार देणारा त्या दप्तराचा धनी होता. ज्या साळ्याने रुमाल विणला तो कधी वाड्याच्या दिंडीत उभा राहून म्हणाला नाही, की मला विचारल्याशिवाय गाठ सोडू नका! धन्याने अडवणे आणि विणकराने अडवणे यांतला हा फरक आज आपण विसरलो आहोत. मोडी वाचायला विद्या लागते, हे खरे. पण ती विद्या एकदा शिकली की शेकडो वर्षांचे कागद तुमच्यापुढे उघडे होतात. विद्या कोणी परत मागत नाही. परवानगी मात्र दर महिन्याला परत मागता येते.

आणि मागतातच. २०१३ साली अडोबीने जाहीर केले की आमची चित्रांची आणि मांडणीची नवी साधने यापुढे विकत मिळणार नाहीत, वर्गणी भरून वापरायची. इतर कंपन्याही त्याच वाटेने निघाल्या. वर्गणी हा शब्द गणेशोत्सवाचा आहे, तो इथे उगाच बाटवला. याला आपल्याकडे जुना, नेमका शब्द आहे : खंड. कुळाने मालकाला द्यायचा तो खंड. १९४८ चा कुळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन उजाडला, आणि कसेल त्याची जमीन या न्यायाने पिढ्यान् पिढ्या खंड घालणारी कुळे मालक झाली. आमच्या हवेली तालुक्यातही त्या एका तारखेचे मोल ठाऊक नाही असे जुने घर विरळा. शेतात आपण कुळाचे मालक झालो, आणि त्याच शेताच्या हिशेबाच्या कागदावर मालकाचे कूळ होऊन बसलो. लिहायचे मी, श्रम माझे, यंत्र माझे, वीज माझी, आणि खंड चुकला की माझ्याच अक्षरांना हात लावायची बंदी!

यावर शिकलेली मुले मला समजावतात. म्हणतात, काका, खाते असले म्हणजे कागद कंपनीच्या क्लाउडमध्ये सुरक्षित राहतात, कुठूनही उघडतात. राहू देत की! ज्याला हवे त्याने तिजोरीचा कप्पा भाड्याने जरूर घ्यावा. पण कप्पा भाड्याने देणारा घराच्या दाराचीही किल्ली स्वतःपाशी ठेवू लागला, तर त्याला सोय म्हणायचे नसते. दुसरा बचाव चोरीचा. चोरीच्या तबकड्या आपल्या बाजारात रस्त्यावर विकल्या जात, हे मी नाकारीत नाही. पण चोराच्या प्रतीतले कुलूप चोराने आधीच काढून टाकलेले असते. पाटीसमोर तिष्ठत उभा राहतो तो पावती घेऊन आलेला सज्जन. आणि चोरी थांबवायचीच होती तर त्यालाही बरा उपाय होता. मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरबरोबर बोटभर लांबीचे एक कुलूप मिळे, त्याला डोंगल म्हणत. छापखानेवाले ते जिवापाड जपत. हरवले तर दिवाळी अंक लटकला म्हणून समजा. मला तेही फारसे आवडत नसे. पण ते कुलूप आपल्या टेबलाच्या खणात असे, आणि कंपनी उद्या राहो न राहो, ते आपले काम करी.

घरच्या विहिरीचे उदाहरण कोणाला क्षुल्लक वाटेल, म्हणून मोठे सांगतो. नायरा एनर्जी ही आपल्या देशातली तेलशुद्धीकरण करणारी कंपनी; वाडीनारला तिचा प्रचंड कारखाना आहे. तिच्यात रशियन भांडवल आहे म्हणून युरोपीय संघाने जुलै २०२५ मध्ये तिच्यावर निर्बंध घातले. लगोलग मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले असताना त्या कंपनीचा स्वतःच्या ईमेलवरचा आणि माहितीवरचा ताबा सुटला, आणि तिला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली. पुढे सेवा पूर्ववत झाल्या. तो निर्बंध योग्य की अयोग्य, या वादात मी पडत नाही. पण भारताच्या कायद्याने कोणतीही बंदी नसताना भारतातल्या एका कचेरीचे दप्तर परदेशातून मिटवता येते, एवढे त्यावरून सिद्ध झाले. त्यांना उच्च न्यायालय गाठता आले. आमच्या वहिनींनी कोणते गाठायचे?

बरे, हे सगळे अटळ आहे असेही नाही. २०२१ साली विंडोज ११ आले तेव्हा त्याच्या घरगुती आवृत्तीत संगणक पहिल्यांदा सुरू करायलाच मायक्रोसॉफ्टचे खाते आणि इंटरनेट बंधनकारक केले गेले. पण त्याच काळात दुसऱ्या वाटेने जाणारेही होते. केरळच्या सरकारी शाळांतली मुले वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर शिकत आहेत. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन प्रांताने २०२४ साली आपले सुमारे तीस हजार सरकारी संगणक लिब्रेऑफिसवर नेण्याचे ठरवले. आपल्या केंद्र सरकारनेही २०१० सालीच सरकारी कामात मुक्त मानके वापरण्याचे धोरण जाहीर केले होते. धोरण चांगलेच आहे. ते फायलीतून बाहेर यावे. ग्रामपंचायतीने, शाळेने, पतपेढीने जो कागद लोकांना द्यायचा तो कोणाचेही खाते नसताना उघडेल अशाच स्वरूपात द्यावा. आणि जे सॉफ्टवेअर माझ्याच यंत्रातला माझाच कागद नाव विचारल्यावाचून उघडत नाही, त्याच्या खोक्यावर ही गोष्ट ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती असावी. बिस्किटाच्या पुड्यावर साखर किती ते छापावे लागते, मग यावर का नको?

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर माझी विनंती आमच्या वाचक भगिनींना आहे. भाऊबीजेला भाऊ येईल. ओवाळून झाले, करंजी खाऊन झाली, की त्याला तासभर घरातल्या संगणकापुढे बसवा. कर्त्या माणसाने जे जे हिशेब, याद्या, वाटण्या त्यात घालून ठेवल्या असतील त्या मुक्त स्वरूपात उतरवून घ्या, महत्त्वाच्या असतील त्यांची कागदावर एकेक प्रत काढा आणि ट्रंकेत ठेवा. एवढी ओवाळणी घातली तर साडी पुढच्या वर्षी आणली तरी चालेल.