प्रोजेक्टर कपाटाबाहेर कोण काढणार?

गावाकडच्या शाळेसाठी काहीतरी करावं, असं परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं. चार मित्र एकत्र येतात, डॉलर-पौंड-दिरहम जमतात आणि बऱ्याचदा एकच गोष्ट ठरते: शाळेला प्रोजेक्टर किंवा टॅब देऊ. सुट्टीत गावी गेल्यावर फीत कापली जाते, फोटो ग्रुपवर येतात. वर्षभराने चौकशी केली, तर अनेक ठिकाणी उत्तर मिळतं, ‘आहे ना, कपाटात नीट ठेवलाय.’

त्यावर आपण लगेच म्हणतो, ‘शिक्षकांनाच नवीन काही शिकायला नको असतं.’ मला हे पटत नाही. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा हेच शिक्षक स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या डेटा पॅकवर मुलांना अभ्यास पाठवत होते. यू-डायसची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराच्या नोंदी हे सगळं ते ऑनलाइन भरतात. मग वर्गातच हात का आखडतो?

पहिलं कारण जबाबदारीचं. शाळेला मिळालेली वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला चढते. ती फुटली किंवा चोरीला गेली, तर जिच्या किंवा ज्याच्या ताब्यात होती त्यांनी उत्तर द्यायचं. कपाटातला प्रोजेक्टर पडत नाही, त्याचा बल्ब जात नाही, त्याबद्दल कुणी जाबही विचारत नाही. म्हणजे जो वापरेल त्याच्या डोक्याला ताप, आणि जो वापरणार नाही तो निवांत. अशा व्यवस्थेत शहाणा माणूस कुलूपच लावणार.

दुसरं कारण फजितीचं. वीस वर्षं खडू-फळ्यावर उत्तम शिकवणाऱ्या बाईंचा वर्गात एक मान असतो. अर्ध्या-पाऊण तासाच्या तासिकेतली दहा मिनिटं वायर जोडण्यात गेली आणि मागून एखादं पोरगं म्हणालं, ‘बाई, मी लावू का?’, तर पुढच्या वेळी बाई पुन्हा फळ्याकडे वळतात. हा आळस नव्हे. शिकवण्याचा वेळ वाया जाऊ नये, हीच त्यांची काळजी असते.

या दोन्ही भीती काढणं मुख्याध्यापकांच्या हातात आहे, आणि त्याला फार पैसा लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक ठराव करून घ्यावा: वर्गात वापरताना उपकरण बिघडलं, तर ते शिक्षकाच्या अंगावर येणार नाही, दुरुस्ती शाळा करेल. एवढ्या एका ओळीने कपाटाचं कुलूप निघायला मदत होईल. मग मुख्याध्यापकांनी स्वतः आठवड्यातून एक तास ते साधन वापरून घ्यावा, तोही सगळ्यांसमोर. साहेबांचीही वायर कधी कधी लागत नाही, हे दिसलं की बाकीच्यांना धीर येतो आणि पोराची मदत घेण्यातही कमीपणा वाटत नाही.

सगळ्यांना एकदम जुंपू नये. ज्या दोघांना हौस आहे त्यांच्यापासून, एका विषयातल्या एका घटकापासून सुरुवात करावी. आम्ही सॉफ्टवेअरवालेही नवी प्रणाली आधी छोट्या गटात वापरून बघतो. तिथे जे अडतं ते दुरुस्त केल्यावरच ती सगळ्यांना देतो, आणि शिकण्याचा वेळ कामाच्या वेळातच धरतो. शिक्षकांना मात्र आपण ‘घरी बसून शिकून घ्या’ म्हणतो. केंद्राच्या शिक्षण परिषदेत भाषणं थोडी कमी करून तासभर प्रत्यक्ष हाताळायला दिला, तर त्याचा उपयोग जास्त होईल. ज्या छोट्या शाळांत दोनच शिक्षक असतात आणि त्यांतलेच एक मुख्याध्यापक असतात, तिथे तर केंद्रप्रमुखांनीच हे मनावर घ्यायला हवं.

आणि ‘नको’ म्हणायची मोकळीकही हवी. हातच्याची वजाबाकी काड्यांच्या गठ्ठ्यांनी जास्त चांगली समजत असेल, तर तिथे स्क्रीनचा आग्रह कशाला? उलट एकाच खोलीत दोन इयत्ता सांभाळणाऱ्या गुरुजींना टॅब खरा सोबती ठरू शकतो. तिसरीला गणित समजावताना पहिलीची मुलं कविता ऐकत बसतील. साधनाने शिक्षकाची अडचण सुटली, की ‘वापरा’ असं परिपत्रक काढावं लागत नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक शाळांनी २०१३ मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला आयपॅड देण्याची योजना सुरू केली. तिचा अंदाजे खर्च एक अब्ज डॉलरच्या वर होता. काही आठवड्यांतच मुलांनी त्यावरची बंधनं तोडली आणि पुढच्याच वर्षी करार थांबवावा लागला. खरेदीच्या पद्धतीवरही प्रश्न उठले. नंतरच्या परीक्षणात दिसलं, की सगळा भर वाटपावर होता, वर्गात त्याचं काय करायचं यावर नव्हता. पैसा कमी नव्हता, शिक्षकाचा विचार कमी पडला.

याच्या उलट उदाहरण आपल्या मातीतलं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, म्हणजे मुलांना कविता आणि धड्यांचे व्हिडिओ मोबाइलवर मिळतील. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले. २०२० मध्ये डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. आधी वर्गातली गरज, मग यंत्र, असा तो क्रम होता. आपण देणगीदार अनेकदा तो उलटा करतो.

म्हणून पुढच्या वेळी गावच्या शाळेला काही द्यायचं ठरलं, तर आधी मुख्याध्यापकांना फोन लावा आणि ‘काय पाठवू?’च्या आधी ‘काय अडतंय?’ विचारा. कदाचित कळेल की प्रोजेक्टर आहे, पण वीजबिल थकलंय, किंवा बल्ब बदलायला तालुक्याला जाणारं कुणी नाही. जमलेल्या पैशांतला एक हिस्सा तीन वर्षांच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. आपल्यापैकी अनेक जण संगणकाच्या क्षेत्रात आहेत. महिन्यातून एक संध्याकाळ शिक्षकांच्या व्हिडिओ कॉलवर, मराठीतून, त्यांना सोयीच्या वेळी दिली, तर ती मदत नव्या टॅबपेक्षा जास्त टिकेल.

गावात राहणाऱ्या नातेवाइकांनाही एक विनंती. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात, त्यामुळे तो दुरुस्तीचा ठराव तुम्हीच मांडू शकता. वर्षभराने शाळेत डोकावलात, तर प्रोजेक्टर चकचकीत आहे का ते पाहू नका. त्यावर थोडी खडूची धूळ बसलेली दिसली, तर आपले पैसे कामी आले असं खुशाल समजा.