सभासद करायचा असेल तर आधी पावती पुस्तक खिशात ठेवा

आपल्या बाजारपेठांमध्ये संस्थांची वाण नाही. व्यापारी मंडळ आहे, कारागीर कल्याण समिती आहे, आजाऱ्यांना मदत करणारी संस्था आहे, मुलांना वह्या-पुस्तके देणारी सोसायटी आहे. वाण आहे ती सभासदांची. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्या सात-आठ जणांनी संस्था उभी केली, तेच आजही सतरंज्या अंथरतात आणि तेच सभेचा चहा पितात. नवा माणूस का येत नाही, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : "लोकांना कौमच्या कामाची कदर नाही." या उत्तराने मनाचे समाधान होते, पण सभासद एकही वाढत नाही. दोष लोकांचा किती आणि आपल्या मागण्याच्या पद्धतीचा किती, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

या बाबतीत स्वतःचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी आमच्या बाजारातील एका मंडळाचा चिटणीस होतो. ईद-मिलनच्या कार्यक्रमात आम्ही हॉलच्या दारातच टेबल टाकले. जेवून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकासमोर पावती पुस्तक धरले. चार लोकांदेखत नाही कोण म्हणणार? एका संध्याकाळी 140 पावत्या फाटल्या. अध्यक्षांनी पाठ थोपटली. पुढच्या वर्षी वर्गणी मागायला निघालो तेव्हा 22 जणांनी दिली. कोणी नोकराला "सेठ बाहेर गेलेत असे सांग" म्हणाले, तर कोणी आम्हाला पाहून रस्ता बदलला.

याचा फटका मात्र तिसऱ्यालाच बसला. त्याच वर्षी एका शिंप्याच्या दुकानाला आग लागली. तीन मशिने आणि गिऱ्हाइकांचे कापड जळाले. मोठी रक्कम द्यायची तर आमच्या नियमाप्रमाणे सर्वसाधारण सभेची मंजुरी हवी होती. सभा बोलावली, पण कोरम भरला नाही. मदत दीड महिना लांबली. तोवर त्या बिचाऱ्याने व्याजाने पैसे उचलले होते. आमच्या रजिस्टरात नावे दीडशेच्या वर होती आणि गरजेच्या दिवशी खुर्च्या रिकाम्या होत्या.

कायदा काय म्हणतो?

बहुतेक मंडळे 1860 च्या सोसायटीज रजिस्ट्रेशन ॲक्टखाली नोंदलेली असतात. त्या कायद्याच्या कलम 15 प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे, त्याला मत देता येत नाही आणि कायद्याच्या कामकाजात तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. म्हणजे भिडेखातर फाडलेली पावती ही एका वर्षाची देणगी ठरते, सभासदत्व नव्हे. आता तर व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये न विचारता नाव घालून "आमचे पाचशे सभासद" म्हणण्याची रीत पडली आहे. ग्रुपमधला माणूस आणि सभासद यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आणखी एक गोष्ट. काही मालक मंडळी कौतुकाने सांगतात की, "माझ्या कारखान्यातले सगळे कारागीर मी सभासद करून टाकले, वर्गणी मजुरीतून कापून घेतो." हे कौतुकाचे नाही. ज्याची रोजी आपल्या हातात आहे, त्याचा होकार हा होकार नसतो. त्याला विचारायचे असेल तर मालकाने नव्हे, त्याच्याच बरोबरीच्या कारागिराने विचारावे.

वेळ आणि जागा

आपण धंदेवाईक माणसे. गिऱ्हाइकाशी केव्हा बोलावे आणि केव्हा गप्प बसावे हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. मग संस्थेचे काम निघाले की ही अक्कल कुठे जाते? बागवानाकडे सकाळी लिलावाच्या वेळी जाऊ नये. दुपारी माल लागल्यावर तो निवांत असतो. शिंप्याकडे ईदच्या तोंडावर जाणे म्हणजे त्याची चेष्टा करणे. ईद उलटल्यावर जावे. जो कारागीर नगावर मजुरी घेतो, त्याचा अर्धा तास आपण खाल्ला तर तेवढी त्याची कमाई आपण खाल्ली. त्याच्या चहाच्या वेळेत जावे आणि दहा मिनिटांत उठावे. जुम्म्याच्या नमाजीनंतर पायऱ्यांवर अडवणे तर सोडूनच द्यावे.

आणि गेल्यावर आधी ऐकावे. आमच्याकडे चाकू-कात्र्यांना धार लावणारे एक वयस्क शिकलगार आहेत. तीन वर्षे आम्ही त्यांच्या हातात फॉर्म देत होतो आणि ते घडी करून पेटीत ठेवत होते. शेवटी एकदा मी नुसताच जाऊन बसलो. म्हटले, "चाचा, आमचे काय चुकते?" ते म्हणाले, "बेटा, तुमचे मंडळ दुकानदारांचे. मला दुकान कुठे आहे? तुमच्या सभेला आलो तर मी बसू कुठे?" तीन वर्षांत हा प्रश्न आम्ही त्यांना विचारलाच नव्हता. अत्तार, तांबोळी, मणियार, पिंजारी, मोमीन, प्रत्येकाला असे वाटत असते की ही संस्था दुसऱ्या कोणाची तरी आहे. कार्यकारिणीत एकाच बिरादरीची आणि एकाच गल्लीची नावे असतील, तर त्याचे काय चुकले?

घरी बसून शिवणकाम, जरीकाम करणाऱ्या भगिनी हा तर आपल्या विसरण्यातलाच भाग. त्यांच्या घरी चार पुरुषांनी पावती पुस्तक घेऊन उभे राहणे बरे नव्हे. एखाद्या जाणत्या आपालाच पुढे करावे, आणि तिला कार्यकारिणीतही जागा द्यावी.

आधी द्यावे, मग मागावे

छोट्या धंद्याची उद्यम नोंदणी सरकारकडे मोफत होते. ती 1 जुलै 2020 पासून सुरू आहे. तरीही कित्येक कारागीर एजंटाला पैसे मोजतात. 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपी, लोहार, सुतार, गवंडी असे 18 व्यवसाय आहेत. पण फॉर्म कसा भरावा येथेच गाडी अडते. मंडळाच्या एखाद्या तरुणाने आठवड्यातून एक संध्याकाळ टेबल मांडून हे काम करून द्यावे. मात्र "आधी सभासद हो, मग फॉर्म भरतो" अशी सौदेबाजी करू नये. ज्याचे काम झाले तो आपणहून विचारतो की, हे मंडळ कोणाचे आणि मी काय करू शकतो. त्या वेळी त्याला आधी एखादे छोटे काम सांगावे. हिशेबाचे पत्रक भिंतीवर लावलेले असावे आणि ते त्याला वाचू द्यावे. मागच्या वर्षी किती आले, कोठे गेले, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याच्याकडे दुसऱ्यांदा मागावे लागत नाही.

वर्गणीही त्याच्या कमाईच्या चालीने घ्यावी. एकदम 300 रुपये मागितले तर रोजंदारीवाला मागे सरतो. महिन्याला 25 जड जात नाहीत. इंग्लंडमधील रॉचडेल गावात 1844 साली 28 जणांनी सहकारी दुकान उघडले. त्यांत विणकर होते, इतर कामगारही होते. प्रत्येकी एक पौंड भाग होता, पण तो एकदम देण्याची ऐपत नव्हती; दर आठवड्याला काही पेन्स टाकून त्यांनी तो जमवला. जगभरची सहकारी चळवळ त्या दुकानाला आपला आदर्श मानते.

कोणी म्हणेल, असे एकेकाला भेटत बसलो तर संस्था वाढणार केव्हा? संस्था नोंदवायला कायद्याला सातच माणसे लागतात. वर्षाला दहा खरे माणसे जोडली तरी पाच वर्षांत पन्नास होतात, आणि पन्नास माणसांच्या सभेत कोरमअभावी कोणाची मदत अडत नाही.

आणि जो नाही म्हणेल त्याला सलाम करून हसत उठावे. त्याची चार ठिकाणी चर्चा करू नये. आज नाही म्हणणाऱ्याचे दार उद्यासाठी उघडे राहते, भरीस पाडलेल्याचे बंद होते.

ते शिकलगार चाचा आज सभासद आहेत. मागच्या सभेला ते पहिल्या रांगेत बसले होते आणि जमाखर्चावर दोन प्रश्न त्यांनीच विचारले. पैकी एकाचे उत्तर खजिनदारांना देता आले नाही. पुढच्या सभेत ते द्यायचे आहे.