हजरत खदीजा (रजि.) यांची दौलत आणि आमच्या बहिणी

रमजानच्या दहाव्या तारखेला अनेक ठिकाणी हजरत खदीजा (रजि.) यांची आठवण काढली जाते. आमच्या मोहल्ल्यातही बयान होते. त्यांची पतिनिष्ठा, त्यांचा सबर, त्यांची खिदमत यांवर वक्ते भरभरून बोलतात. सारी दौलत दीनसाठी खर्च केली, हेही सांगतात. पण ती दौलत कोणाची होती, हे एका वाक्यात उरकले जाते. मला दरवर्षी तेच खटकते.

ती त्यांची स्वतःची होती. मक्केत त्यांचा मोठा व्यापार होता. नफ्यात वाटा देऊन त्या माणसे नेमत आणि शामकडे जाणाऱ्या काफिल्याबरोबर माल पाठवत. प्रेषित मुहम्मद (स.) असाच त्यांचा माल घेऊन गेले होते, सोबत त्यांचा सेवक मैसरा होता. सचोटी पाहून निकाहचा विचार प्रथम खदीजांच्या मनात आला आणि नफीसा या बाईंमार्फत त्यांनी तो पोहोचवला. त्या विधवा होत्या. प्रसिद्ध रिवायतीनुसार त्यांचे वय 40, प्रेषितांचे 25. (आपल्याकडे आज एखाद्या विधवेने असा निरोप धाडला तर मोहल्ला काय म्हणेल, ते सांगायला नको.) त्या हयात असेपर्यंत प्रेषितांनी दुसरा विवाह केला नाही.

हिरा गुहेतून प्रेषित कापत घरी आले, तेव्हा खदीजांनी त्यांना चादरीत लपेटले. मग त्यांनी समजूत घातली ती साधीच. तुम्ही नातेवाइकांना धरून असता, दुसऱ्याचे ओझे उचलता, पाहुण्याला जेवू घालता, मग अल्लाह तुम्हाला कसा अपमानित करील? पंधरा वर्षांच्या संसारात जे पाहिले, त्याचीच त्यांनी साक्ष दिली.

पुढे कुरैशांनी बनू हाशिमवर बहिष्कार टाकला. त्यांच्याशी सौदा नाही, सोयरीक नाही. जवळपास तीन वर्षे ती माणसे अबू तालिब यांच्या घाटीत अडकून पडली. झाडाचा पाला खाण्याची वेळ आली. खदीजा मुळात बनू असद घराण्यातल्या. माहेरच्या लोकांत त्या सुखात राहू शकल्या असत्या. त्या घाटीतच राहिल्या. भाचा हकीम बिन हिजाम आत्यासाठी चोरून धान्य नेत होता, त्याला अबू जहलने वाटेत अडवल्याचा प्रसंग सीरतच्या ग्रंथांत आहे. ज्यांचे काफिले शामपर्यंत जात, त्यांच्या घरी धान्य असे लपतछपत यावे! बहिष्कार उठल्यावर थोड्याच काळात, साधारण 619 मध्ये, त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतरही प्रेषित बकरी जबह करीत तेव्हा खदीजांच्या मैत्रिणींकडे वाटा पाठवत. बद्रनंतर कैदेतल्या पतीला सोडवण्यासाठी मुलगी जैनब यांनी एक हार पाठवला. आईने लग्नात दिलेला. तो ओळखून प्रेषितांचे मन भरून आले आणि साथीदारांच्या संमतीने तो हार परत पाठवण्यात आला.

आता माझ्या घराकडे येतो. वडील गेल्यावर आम्ही दोघा भावांनी बहिणीसमोर हक्कसोडपत्र ठेवले. तिने काही न बोलता सही केली. सगळ्या खानदानात तिच्या मोठ्या मनाचे कौतुक झाले, मीही केले. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होते. आम्ही दोन भाऊ, एक बहीण, आई आधीच गेलेली. म्हणजे तिचा पाचवा हिस्सा. तो हिस्सा कधी तिच्या हातात पडलाच नाही, तर तिने दिले काय? खदीजांनी दिले, कारण त्यांच्याकडे त्यांचे असे होते आणि कोणी कागद पुढे केला नव्हता. आमच्या बहिणींकडून आम्ही आधी काढून घेतो आणि मग त्यालाच सखावत म्हणतो. मौलाना मंडळींनी जुम्म्याच्या खुतब्यात हुंड्याइतकेच यावरही बोलावे, ही माझी विनंती आहे.

तिच्या हिश्श्यातला जो भाग माझ्याकडे आला, तो बक्षीसपत्राने परत करायचे मी ठरवले आहे. भावाशी अजून बोलणे चालू आहे. बहिणीला फोन केला तर म्हणाली, "भाई, आता कशाला? लोक काय म्हणतील?" मी आग्रह धरला. ती जरा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, विहिरीकडची बाजू कोणाच्या वाट्याला आहे?