नळीच्या आतली खाच

आमच्या सातारा-सांगलीकडे लष्कराचा विषय निघाला की पलटणीचे नाव निघते, पदकांचे निघते, पेन्शनचे तर हमखास निघते. बंदुकीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली; त्यांच्या हातात कोणते हत्यार दिले होते, हे विचारायचे आपल्याला सुचत नाही. विचारायला हवे. सरकार शिपायावर किती भरवसा ठेवते, ते त्याच्या पदकावरून कळत नाही, बंदुकीवरून कळते.

१८५७ची एनफील्ड रायफल आपल्याला काडतुसाच्या चरबीमुळे ठाऊक आहे. तिचे खरे नवल नळीच्या आत होते. आतून पिळाच्या खाचा पाडल्या की गोळी स्वतःभोवती फिरत सुटते आणि लांबवर सरळ जाते. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी १८५९चा नवा नमुना काढला. बाहेरून हुबेहूब एनफील्ड, आतून मात्र नळी गुळगुळीत! खाचाच काढून टाकलेल्या. डोंगरी तोफा सोडल्या तर तोफखानाही हिंदी हातांतून गेला.

पुढे जेकब स्नायडर या अमेरिकनाने त्याच एनफील्डची मागची बाजू कापून तिथे बिजागरीचे झाकण बसवले. तोंडातून ठासायची बंदूक मागून भरता येऊ लागली. (सरकारकडून पैसे वसूल होण्याआधीच, १८६६ साली, हा गृहस्थ वारला. बँकेत उमर गेलेल्या माणसाला अशी थकबाकी नोंदवल्यावाचून राहवत नाही.) १८७१ मध्ये गोऱ्यांसाठी मार्टिनी-हेन्री आली आणि स्नायडर हिंदी पलटणींच्या वाट्याला. थोरल्याचा सदरा धाकट्याला मिळावा तसे. फक्त इथे कारण निव्वळ काटकसरीचे नव्हते.

मग आला जेम्स ली. जन्म स्कॉटलंडचा, वाढला कॅनडात. हाताने मागेपुढे करायची खिट्टी आणि खाली गोळ्यांची पेटी, ही त्याची करामत. १८८८च्या ली-मेटफर्डमधल्या उथळ खाचा नव्या बिनधुराच्या दारूच्या उष्णतेने झिजू लागल्या, म्हणून १८९५ मध्ये पाच खोल खाचांची नळी बसवली. तीच ली-एनफील्ड, आपली ‘थ्री नॉट थ्री’. १९१४ मध्ये हिंदी फौज फ्रान्सला उतरली, तेव्हा तिच्या जुन्या रायफली नव्या टोकदार गोळ्यांना चालेनात. मार्सेय बंदरातच त्या बदलून द्याव्या लागल्या. मरायची वेळ आली तेव्हा कुठे बरोबरी झाली.

पोलिसाच्या नशिबी तेवढेही नव्हते. त्याच रायफलीची नळी गुळगुळीत करायची, पेटीच्या जागी लाकडी ठोकळा ठोकायचा, एका वेळी एकच काडतूस : हे चारशे दहाचे मस्केट. १८५९चीच युक्ती पुन्हा. गोऱ्या सरकारची भीती त्यांच्या परीने खरीही होती. २४ जुलै १९४३ला वसंतदादा आणि त्यांचे साथीदार सांगलीच्या तुरुंगातून पहारेकऱ्यांच्या बंदुका घेऊनच पळाले. हत्यार कधी बाजू बदलेल, याचा नेम नव्हता.

पण १९४७ नंतर कुणाची भीती? नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत रोकड पोचवायला जाताना आमच्या गाडीत पोलीस असे, मांडीवर हेच मस्केट. एकाने मला तो ठोकळा दाखवला. म्हणाला, “साहेब, पहिली गोळी चुकली तर तुम्ही पेटी धरून पळा.” आम्ही दोघेही हसलो. लाखांची रोकड होती, आणि तिच्या रक्षणाला विश्वासच न ठेवलेल्या माणसाची बंदूक! साहेब गेले, स्वराज्य आले, ठोकळा तसाच.

मला हा निव्वळ पैशांचा प्रश्न वाटत नाही. ज्याच्या हाती द्यायचे, तो खालच्या पायरीवरचा, त्याला कशाला चांगले, ही जुनी सवय आहे आणि ती अंदाजपत्रकातही दिसत नाही, म्हणून टिकते.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईच्या स्टेशनवर पोलिसांकडे थ्री नॉट थ्री होत्या; समोरच्यांकडे, १९४७ साली कलाश्निकोव्हने आखलेल्या घराण्यातल्या, धडाधड चालणाऱ्या रायफली. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे उभे होते. जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे, लष्करातून निवृत्त होऊन पोलिसात आलेले. कसाबच्या रायफलीची नळी त्यांनी हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि कसाब जिवंत सापडला. सरकारने ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिले. त्या रात्री चौपाटीवर पाठवताना दिली होती ती लाठी.